पात्याचे दोन तुकडे

धम्मशीलाबाईंनी छोट्या पितळी रेल्वे इंजिनाच्या गिअरबॉक्सचं झाकण उघडलं, आतलं ग्रीस बोटावर घेतलं आणि दुकानाच्या दारात येऊन उन्हात धरलं. काळ्या ग्रीसमध्ये पितळेचा बारीक कीस चमकत होता. आतल्या पितळी चाकाचे दाते झिजून सुईच्या टोकासारखे झाले होते.

"दोन फेऱ्या मारती अन् थांबती," स्टुलावर बसलेले व्यंकटराव म्हणाले. "मोटार तर हाताला चटका बसावा इतकी तापायलीय. परभणी झाली, नांदेड झालं, एवढं बारीक चाक कोणी करून देईना. तुमच्याकडं छोटं लेथ हाय म्हणून आलो."

बाईंना दुखणं एका नजरेत कळलं होतं. मोटारीच्या बुडाशी दाढीच्या पात्याचे दोन तुकडे बसवलेले असायचे, ते आता जागेवर नव्हते. त्यांच्यामुळे मोटार केसभर वर राहायची आणि तिच्या दांड्यावरचा स्क्रूसारखा पोलादी आटा चाकाच्या दातांना हलकेच टेकायचा. तुकडे गेले, मोटार खाली बसली, आटा दातांत खोल रुतला आणि चाक खाऊ लागला. व्यंकटरावांनी साफसफाईसाठी इंजिन खोललं असणार आणि गंजका कचरा समजून पात्याचे तुकडे फेकले असणार.

ते तुकडे बाईंनीच कापले होते.

पूर्णेत शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई एकच. बापाच्या दुकानात बसून शिकलेली. लग्नानंतर स्वतःचं दुकान टाकलं. नवरा धम्मानंद रेल्वेत फिटर. जुन्या छोट्या लाईनवरच्या वाफेच्या इंजिनाचं त्याला भारी वेड. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं विजेच्या मोटारीवर पळणारं हातभर लांबीचं पितळी इंजिन उभं केलं. सांगाडा, चिमणी, चाकं त्याची. गिअरबॉक्स मात्र बाईंचा, कारण एवढ्या बारीक दातांना त्यांचाच हात चालायचा.

धम्मानंद गेला त्याला महिनाही झाला नव्हता. त्याचे जुने सुपरवायझर व्यंकटराव घरी आले. "प्रदर्शनात ठेवतो. धम्मानंदचं नाव होईल," म्हणाले. बाईंनी विश्वासानं इंजिन दिलं. पुढं पेपरात फोटो आला, त्यात इंजिनावर व्यंकटरावांच्या नावाची पट्टी. बाई जाब विचारायला गेल्या तर त्यांना दारातच उभं केलं.

"नकाशा माझा होता," व्यंकटराव म्हणाले. "धम्मानंद माझ्या हाताखालचा माणूस. त्यानं नुसती कानस मारली."

"अन् गिअर?"

"तुमी मशिनीला तेल द्या, बाई."

ह्याला दोन वर्षं झाली होती. व्यंकटरावांना वाटलं, बाई विसरल्या असतील.

"चाक बदलून देते, साहेब," बाई म्हणाल्या. पात्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पंधरा दिवसांनी ते परत आले. बाईंनी दुसरं चाक बसवलं. मग तिसरं. चाकाला दाते कापताना त्यांचा जीव तुटायचा. एकेका चाकाला अख्खी दुपार जायची आणि ते मरायलाच चाललंय हे ठाऊक असायचं. पण व्यंकटराव घाम पुसत दारात आले की आतून कुठंतरी गार वाटायचं.

"काय बिघडलंय नेमकं?" तिसऱ्यांदा त्यांनी काकुळतीनं विचारलं.

"ज्यानं बनवलं त्यालाच म्हाईत," बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीत परभणीच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. व्यंकटरावांचं इंजिन हॉलच्या मधोमध. "एक चाक घेऊन सोबत या," असं त्यांनीच बाईंना विनवलं होतं. दुसऱ्या फेरीला इंजिन घरघरलं आणि थांबलं. पालक, शिक्षक, सगळे बघत होते.

"बाई, जरा चाक बदला," व्यंकटराव हळूच म्हणाले.

बाई मात्र हळू बोलल्या नाहीत. "चाक हाय माझ्याकडं. पण ते बी असंच झिजून जाईल. मोटारीखाली दोन तुकडे होते, साहेब. इंजिन तुमी बनवलं ना? मग सांगा, कशाचे होते?"

"तुकडे?" व्यंकटरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पत्र्याचे."

"न्हाई."

"मग... पितळेचे असतील."

"असतील?"

मुख्याध्यापिका श्रद्धा मॅडम एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघू लागल्या. बाईंनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत पात्याचे दोन तुकडे, स्क्रूच्या मापानं भोकं पाडलेले. मोटार सैल केली, तुकडे सरकवले, नवं चाक बसवलं, दातांत पातळ कागद घालून फट तपासली. मग बटण दाबलं. इंजिन आवाज न करता पळायला लागलं. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या.

बाईंनी गाडी थांबवली. स्क्रू-ड्रायव्हरनं नावाची पट्टी उचकटली आणि व्यंकटरावांच्या तळहातावर ठेवली.

"हे माझ्या नवऱ्यानं बनवलंय. गिअर माझे हायेत," असं सगळ्यांदेखत सांगून त्यांनी इंजिन ओढणीत गुंडाळलं.

उन्हाळ्यात सुनेची शिलाई मशीन घेऊन व्यंकटराव पुन्हा दुकानी आले. पूर्णेत दुसरं दुकान नव्हतं.

"बसा. नंबर लागंल," बाई म्हणाल्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी मशिनीची एकच जुनी शटल सावकाश पुसली आणि मग म्हणाल्या, "आज न्हाई व्हायचं. उद्या या."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी व्यंकटराव गेल्यावर मुलगी नीलम वैतागली. "आई, आता बास की. म्हातारा माणूस हाय."

"तुझ्या बापाचं नाव पुसायला त्याला एक दिवस लागला," बाई मशिनीवर कापड टाकत म्हणाल्या. "मला लय दिवस हायेत."