मिस आयसिल्डांचे मानधन

१४ मार्च २०१९. पंचेचाळीस हजार जमैकन डॉलर. ही रक्कम मिस आयसिल्डांना द्यायची होती, आणि विद्यापीठाच्या हिशेब विभागात माझ्या टेबलापुढे ओडीन ट्युलॉक सही न करता उभी होती.

ओडीन तत्त्वज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला होती. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या विचारांचा अभ्यास करणारे विद्यार्थी मंडळ तिनेच उभे केले होते आणि आता त्याची पहिली परिषद भरवत होती. तिचे संशोधन नवव्या रात्रीवर. माणूस गेला की आम्ही त्या रात्री गाऊन त्याला निरोप देतो आणि त्याचा पलंग फिरवून ठेवतो, म्हणजे परत आलाच तर खोली ओळखू येऊ नये. ओडीन विचारी, "ज्याला स्वतःची खोली ओळखता येत नाही, तो तोच माणूस उरतो का?" मी कितीतरी पलंग फिरवले, पण हे कधी डोक्यात आले नव्हते.

मिस आयसिल्डा नवव्या रात्री गाण्याची एकेक ओळ सांगून जमलेल्यांकडून गाऊन घेणाऱ्या. ओडीनला त्या प्रमुख वक्त्या म्हणून हव्या होत्या. तत्त्वज्ञानाच्या विभागप्रमुखांनी मानधनाला मंजुरी दिली ती 'करमणूक' खात्यात. वक्त्यांत नाव नाही, जेवणानंतर गाणे.

"पैसे तेवढेच आहेत, पोरी. सही कर नि मोकळी हो," मी म्हणालो.

"मिस्टर विंट, तुमच्या आईची नववी रात्र करमणूक होती?"

"डॉमिनो खेळलो, रम प्यायलो. होतीच म्हण की."

ती हसली. सही केली नाही.

मी विभागप्रमुखांना फोन केला. "वक्त्याला पदवी लागते, विंट. नियम काय मी केला?" नियम मलाही पाठ होता, म्हणूनच जास्त चीड आली.

ओडीनने तिथूनच मिस आयसिल्डांना फोन लावला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं, खातं कुठलं का असेना, घे पैसे! छपराला पत्रा हवाय मला."

"तुम्ही गाणार नाही, बोलणार आहात."

"बोलले तर तुझे प्राध्यापक झोपतील. गायले तर पाय तरी हलवतील!"

ओडीन ऐकेना. रक्कम परत गेली. परिषद मिस आयसिल्डांच्या अंगणात झाली. भाड्याच्या मिनीबसने विद्यार्थी गेले. त्या फुकट बोलल्या, पलंग फिरवण्याच्या मुद्द्यावर ओडीनशी कडाडून भांडल्या, आणि ते भांडण ओडीनने प्रबंधात शब्दशः उतरवले.

विभागाने त्याला परिषद मानले नाही, सहल मानले. मंडळाला मान्यता मिळाली नाही. मिस आयसिल्डांचे छप्पर त्या वर्षीच्या पावसात गळले.

मिनीबसवाल्याला ओडीनकडून बाराशे डॉलर अजून येणे आहेत.