चाळीस माणसांचा कारखाना

माझे बाबा सुतार. हे वाक्य आज सरळ लिहितोय याचं कौतुक नको. ते लिहायला मला बेचाळीस वर्षं लागली.

आई गेल्यावर बाबा घुमे होऊन बसले होते. माझी बायको नर्स, तिला रजा नाही. तीच म्हणाली, "तुम्ही दोघं तरी जाऊन या कुठेतरी." म्हणून पानगळीच्या दिवसांत डोंगरावरच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवसांसाठी लाकडी केबिन घेतली. बाहेर पिवळी झाडं, आत लाकडं जाळायची शेगडी, खुर्चीवर लोकरीची शाल. बाबांनी यातलं काहीएक पाहिलं नाही. आत शिरल्या शिरल्या चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कच्चं लाकूड लावलंय गाढवांनी."

संध्याकाळपर्यंत खिडकीची बिजागरी सरळ झाली, डगमगत्या टेबलाला पाचर बसली. पिशवीत कपडे कमी, हत्यारंच जास्त. माझं डोकं सटकलं.

"बाबा, आपण पाहुणे आहोत इथे. स्वस्थ बसा की."

"बसलोय की," पटाशी पुसत ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दाराला रंधा मारत होते. अंगभर भुसा, कानावर पेन्सिल. आणि शेजारच्या केबिनमधून कोण बाहेर यावं? आमचे मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस. मी चटकन बाबांपासून लांब सरकलो. कारण नोकरीच्या मुलाखतीत याच साहेबांनी वडिलांबद्दल विचारलं होतं आणि मी ठोकून दिलं होतं, फर्निचरचा कारखाना आहे, चाळीस माणसं कामाला. अकरा वर्षं ती थाप मी लेकरासारखी वाढवली होती.

"अरे, तुम्ही इथे? एकटेच?"

"हो सर. जरा विश्रांती."

बाबा चार हातांच्या अंतरावर उभे. रंधा थांबला. मिसेसनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे इथले सुतार का हो? आमचंही दार अडकतंय."

मी हो म्हणून मान हलवली. तिथेच मोडून पडली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग हत्यारं गोळा केली. "चला बाई, कुठलं दार?"

तासभर लागला. दार उतरवलं, तासलं, पुन्हा बसवलं. मिसेसनी मला आत कोचावर चहा दिला, बाबांना बाहेर पायरीवर. बाई चांगल्या होत्या, बिस्किटं आधी बाबांनाच नेऊन दिली.

साहेब दाराकडे बघत म्हणाले, "काय हात आहे माणसाचा. तुमच्या वडिलांना सांगा याच्याबद्दल. चाळीस माणसं आहेत ना त्यांच्या कारखान्यात? त्यात एक असा हवाच."

"सांगतो सर," मी म्हटलं.

दार उघडंच होतं. पायरीवरच्या माणसाला सगळं ऐकू जात होतं.

आमच्या केबिनमध्ये परतल्यावर माफी मागायला मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी एक मुस्काटात दिली असती तर सुटलो असतो. ते मात्र खुर्चीत टेकले आणि एखाद्या शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारू लागले.

"चाळीस माणसं का रे?"

"हो."

"मग मला हत्याराला हात लावावा लागत नसेल."

"नाही."

"मोठा केलास की मला." ते हसले. टोमणा नव्हता तो, हे जास्त लागलं.

खऱ्या कारखान्यात दोनच माणसं होती. बाबा कापायचे, तासायचे. आई शेजारी वाकून लोकांच्या खुर्च्यांचे पाय पॉलिशपेपरने घासायची. माझी सगळी फी त्यातून गेली. तिच्या बोटांची कातडी कधी भरून आली नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा नाही.

"आणि आई?" बाबांनी विचारलं. "ती काय करायची तिथे?"

साहेबांना मी आईबद्दल कधी काही सांगितलंच नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, "काही नाही. घरीच असायची. आरामात."

बाबांनी मान डोलावली.

"हे चांगलं केलंस," ते म्हणाले. "तिथे तरी ती बसली असेल."