भोयेदादांचा चर

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात. आमचे भोयेदादा रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून माझ्या बांधावर येत आणि त्यांनी स्वतःच खणून घेतलेला चर बुजवत बसत. अंगात वनपालाची जुनी खाकी पँट, डोक्याला टॉवेल.

पेठकडच्या उतारावर माझी आंब्याची बाग आहे. वर सरकारी जंगल, खाली माझी मालकी, मध्ये हद्द. नोकरीत असताना दादा त्या हद्दीला देवासारखं जपत. "मालक, वरचं पान माझं, खालचं तुमचं. भांडन नाय," म्हणत. गुरं रोपं खातात म्हणून त्यांनी हद्दीवर खोल चर काढून घेतला. रोपं वाचली, रान भरलं. मलाही बरंच वाटलं. गुरांची कटकट गेली.

पण वरून झिरपणारं पाणी त्या चरात अडून भलतीकडच्या नाल्याला जाऊ लागलं. माझ्या उंबराखालचा झरा आटला. वरच्या जंगलातली जनावरं उन्हाळ्यात त्याच झऱ्यावर उतरायची. एका वैशाखात तिथे भेकराची मादी मरून पडलेली दिसली. खुरांनी माती उकरून उकरून तिने खड्डा केला होता. दादा तिच्याजवळ कितीतरी वेळ उकिडवे बसून राहिले.

"मी जंगल राखलं मालक, अन् त्याचंच पानी तोडलं."

त्यानंतर त्यांची झोप उडाली. डोळे मिटले की माती उकरल्याचा आवाज येतो, म्हणायचे. ऑफिसात विनवण्या केल्या. चांगला चर बुजवायचा कशाला, असं उत्तर मिळालं. मग निवृत्त होताच स्वतःच फावडं उचललं. नवा वनरक्षक एकदा अडवायला आला. "दादा, गुन्हा नोंदवावा लागेल मला."

"नोंदव की! पंचनाम्यावर पयली सही माझी घे."

तो बिचारा मान खाली घालून गेला. मीही एकदा म्हणालो, "दादा, पाणी काय आता परत येतंय?"

"नाय आलं तर नाय. वाट तर मोकळी पायजे ना!"

गेल्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि दादा गेले. चर बराचसा उघडाच राहिला. अख्खा देश अस्थी घेऊन आमच्या रामकुंडावर येतो, आणि या माणसाने मुलाला बजावलं होतं, "मला गोदेत नको, चरात टाक. तेवढीच भर."

मुलाने मडकं उपडं केलं. एवढ्याशा राखेने चराचा तळसुद्धा झाकला नाही.

"पुरंल का हो काका?" त्याने विचारलं.

झरा अजून आलेला नाही.