सदर विहिरीचे पाणी

सभा सुरू व्हायच्या आधीच मी तिची बातमी पाठवून दिली आणि एका माणसाने न दिलेलं अनुमोदन त्याच्या नावावर छापून आणलं.

नव्वदच्या दशकात मी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात जनसंपर्क अधिकारी होतो. घर साताऱ्याला, नोकरी तिकडं, आणि जनसंपर्क म्हणाल तर मुख्यतः चेअरमनसाहेबांशी. सांगलीच्या दैनिकाला बातमी वेळेत पोचवायची तर पाकीट अकराच्या एसटीत कंडक्टरच्या हाती द्यावं लागे. वार्षिक सभा असायची एक वाजता. मग मी काय करायचो, मागल्या वर्षीची बातमी काढायचो, साल बदलायचो आणि सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पाडून मोकळा व्हायचो. चार-पाच वर्षं कुणाची तक्रार आली नाही. सभाही बिचारी बातमीबरहुकूम वागायची.

मागल्या वर्षी संचालकांच्या अभिनंदनाच्या ठरावाला जवळच्याच गावच्या एका निवृत्त गुरुजींनी अनुमोदन दिलं होतं. नाव तसंच राहिलं. यंदा मात्र गुरुजी गावाला शब्द देऊन आले होते. कारखान्याचं सांडपाणी ओढ्यातून झिरपत त्यांच्या पिण्याच्या विहिरीत उतरत होतं. त्याचं उत्तर घेतल्याशिवाय परतणार नाही, असा तो शब्द. ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारल्याबरोबर ते उठले आणि हातात कागद घेऊन माइककडं चालू लागले. साहेबांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. सूत्रसंचालन माझ्याकडं, टेपरेकॉर्डरही माझ्याकडं. मी राष्ट्रगीत लावलं.

आयुष्यभर पोरांना सावधान उभं करत आलेला माणूस तो. होते तिथंच ताठ उभे राहिले. राष्ट्रगीत संपलं तशी सभा संपली, आणि लोक जेवणाच्या मांडवाकडं पळाले. मला माझ्या हुशारीचं एवढं कौतुक वाटलं, की त्या भरात दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात गुरुजींचं नाव ठळक. गावात एकच बोलणं, ‘गुरुजी फुटले.’ तो पेपर घेऊन ते माझ्या टेबलापुढं आले.

“एका ओळीचा खुलासा द्या. मी अनुमोदन दिलं नाही, एवढाच.”

“साहेबांना विचारून सांगतो, गुरुजी.”

“बातमी सभेला विचारून दिली होती का?”

मी चहा मागवला. तो यायच्या आत ते निघून गेले. साहेब म्हणाले, “खुलासा दिला की लोक मागच्या बातम्या पण वाचायला लागतील.” विषय संपला.

म्हणजे आमच्यापुरता संपला. गुरुजींच्या गावाला एसटीच्या थांब्यावर तरुण मंडळाचा वार्ताफलक होता, कुस्त्यांची मैदानं नि दहाव्यांच्या तारखा लिहायचा. गुरुजींनी त्यावर खडूनं लिहिलं: ‘मी अनुमोदन दिलेले नाही. माझा प्रश्न विहिरीच्या पाण्याचा होता. तो विचारू दिला नाही.’ खाली सही केली, निम्मा फळा मोकळा सोडला आणि सुतळीला खडू बांधून ठेवला. लोकांनी काय सोडलं नाही. एकानं लिहिलं, ‘गुरुजी, चहात साखर किती?’ त्याखाली दुसऱ्यानं, ‘राष्ट्रगीताला खाली बसायचं व्हय रं, शाण्या?’ तिसऱ्यानं, ‘आमच्या म्हशीबी ते पाणी पीत न्हाईत.’ एसटी थांबली की खिडकीतली माणसं वाचत, पुढच्या गावात उतरून सांगत. आमच्या पेपराला सकाळ उजाडावी लागे. फळा दुपारच्या गाडीनं तासगावला पोचलेला असे.

साहेबांनी मला बोलावलं. “उत्तर द्या. पण कारखान्याचं नाव यायला नको.”

आता ब्लॉग आले, सोशल मीडिया आला. खोट्या नावानं कौतुक लिहून घेणं हा म्हणे आता मोठा धंदा झालाय. माझ्या बाबतीत सांगतो, मी तो भर उन्हात, टोपी घालून, एकट्यानं केलाय. माणसं जेवून पडलेली, थांब्यावर चिटपाखरू नाही अशी वेळ साधून मी फळ्यावर लिहिलं: ‘सदर विहिरीचे पाणी पिण्यास योग्य असून काही विघ्नसंतोषी मंडळी गैरसमज पसरवीत आहेत. – एक सामान्य शेतकरी.’ आणि सामान्य शेतकऱ्यासारखा ताठ मानेनं निघून आलो.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं सांगलीला निघालो होतो. थांब्यावर गाडी थांबली. माझ्या मजकुराखाली मोठ्या अक्षरात होतं: ‘आमच्यात सदर म्हणतंय कोण? ह्यो सदर कुणाचा पावणा?’ आणि फळ्याखाली, दगडावर, विहिरीच्या पाण्यानं भरलेला तांब्या. पाणी काळ्या चहासारखं. त्याला चिठ्ठी बांधलेली: ‘सामान्य शेतकऱ्यासाठी.’ कंडक्टरनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. गाडी हसली. मीही हसलो, वेगळं दिसू नये म्हणून.

तेवढ्यात गुरुजी गाडीत चढले आणि माझ्याच शेजारी बसले. खिडकीतून फळ्यावरचा मजकूर वाचला. मग म्हणाले, “अक्षर सुंदर आहे हो तुमचं.”

मला स्तुती कुठून का येईना, सोडवत नाही. “शाळेत पहिला नंबर होता,” मी म्हणालो.

कंडक्टरनं आधी फळ्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, “आवं सदरसाहेब, उतरा की! घोटभर घ्या, मग जावा!”

मी उतरलो नाही.

त्या दिवसापासून गावात गुरुजींचा शब्द पुन्हा चालायला लागला. पण फळा त्या रस्त्यापुरता. जिल्ह्यात पेपरच खरा. तिकडं वाटेत भेटलेला कुणीही त्यांना अभिनंदनाच्या ठरावाबद्दल चिडवी. खुलासा मी कधीच दिला नाही. कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत तो कागद माझ्या खणात टाइप केलेला होता. साहेबांची सही तेवढी नव्हती, आणि ती मी मागितलीही नव्हती.

निवृत्तीनंतर साताऱ्यात बसून मीही ब्लॉग काढला. जनसंपर्काची कंड अशी सहजी जात नाही. त्यावर हा किस्सा खुसखुशीत करून टाकला: राष्ट्रगीत, सदर, तांब्या, अक्षर. जुने सहकारी हसून हसून खाली शेरे लिहीत होते. मी दर तासाला उघडून बघत होतो. मग एका दुपारी आणखी एक शेरा आला. पुसायची सोय माझ्याच हातात होती आणि बोट दोनदा तिथवर गेलंही.

‘काका, मी गुरुजींची मुलगी. अक्षराची गंमत छान रंगवलीत. खुलासा का दिला नाहीत ते लिहिलं नाही. विहिरीचं काय झालं तेही लिहिलं नाही. ती पुढं बुजवली आणि आई शेवटपर्यंत लांबून पाणी आणत राहिली. तुम्ही रिटायर झालात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’