दुसऱ्याच्या श्राद्धाचे गहू

माझी बायको सुनंदा गेल्यापासून मी देवघरातला दिवा लावला नव्हता. मला देवाचा रागच आला होता. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या या घरात तिने उभा जन्म त्या दिव्याला तेल घातलं. बाहेर गुडघाभर बर्फ असो की अंगात ताप, तिचा नेम चुकला नाही. आणि ती आजारी पडली तेव्हा वर बसलेल्याने साधी मानही वळवली नाही. देव असेल तर कानाने अधू असणार, असं मी मित्रांना हसत सांगायचो. मनात मात्र हसू नव्हतं. तिच्या वर्षश्राद्धाचं मनावर घेतलं ते देवासाठी नव्हेच. माझ्या माघारी तिचं नाव घेऊन पान वाढणारं कुणी उरणार नाही ही भीती होती. निदान पहिलं वर्ष तरी रीतसर व्हावं, एवढीच इच्छा होती.

मुलगा कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला असतो. त्याने तिकीट काढलं होतं. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "बाबा, सॉरी, फ्लाइट कॅन्सल करावी लागली. रिलीज आहे, बॉस सोडतच नाहीये." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सकाळी उपाशीपोटी खिरीचं दूध गॅसवर ठेवलं. श्राद्धाचं जेवण होईपर्यंत कर्त्याने तोंडात काही घालायचं नाही हे आईने शिकवलेलं. तेवढ्यात एडिसनहून येणाऱ्या गुरुजींचा फोन. "काका, फीव्हर आहे हो, ड्राइव्ह नाही करू शकत. झूमवर करू या का?"

मी भडकलो. झूमवर पान कुणाला वाढायचं, लॅपटॉपला? बिचाऱ्या आजारी माणसाशी मी इतका वेळ हुज्जत घातली की दूध खाली लागलं, खीर करपली आणि घरभर धूर झाला. धुराचा अलार्म किंचाळायला लागला. स्टुलावर चढून तो बंद करताना मला रडू फुटलं. पातेलं तसंच सिंकमध्ये टाकलं, कोट चढवला आणि गाडी काढली.

निघालो ते थेट जर्सीच्या किनाऱ्यावर, सुनंदाच्या आवडीच्या गावी. उन्हाळ्यात तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, पण आम्ही नेहमी थंडीतच जायचो. गर्दीत समुद्र दिसत नाही, नुसती माणसं दिसतात, असं ती म्हणायची. त्या शनिवारी मात्र तिथे समुद्रही धड दिसत नव्हता. गारांचा पाऊस, आइस्क्रीमची दुकानं फळ्या मारून बंद, जत्रेचे पाळणे कापडात गुंडाळलेले. लाकडी फुटपाथवर चिटपाखरू नव्हतं. इतका एकटा मी दवाखान्यातल्या त्या शेवटच्या रात्रीही नव्हतो. तेव्हा निदान तिचा हात हातात होता.

पाय गारठले तेव्हा दोन गल्ल्या आत एक दार उघडं दिसलं. वर निळसर घुमट. ग्रीक लोकांचं ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल. आम्ही कितीदा त्याच्यावरून गेलो होतो, सुनंदाला आत जायचं असायचं आणि मी म्हणायचो, "आपलं काय काम तिथे?" त्या दिवशी थंडीने मला आत ढकललं.

आत धुपाचा वास होता. समोर सोनेरी पार्श्वभूमीवर संतांची चित्रं, त्यांच्या चौकटींना टांगलेले पत्र्याचे छोटे डोळे, हात, पाय. आमच्या कोकणात देवीला चांदीचे डोळे वाहतात, अगदी तसेच नवसाचे. मी बघत उभा राहिलो. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाई काठी टेकत आली आणि काही न विचारता मला बाकावर बसवून म्हणाली, "भिजला आहात. बसा." तिचं नाव इरिनी. घरात कुणी आलं की आमच्याकडच्या मावश्या घराण्याची सगळी कथा ऐकवतात, तशी तिने मला त्या देवळाची कथा ऐकवली.

तिचे आजोबा आणि त्यांचे गाववाले या किनाऱ्यावर मिठाई विकायला आले. उन्हाळा म्हणजे कमाईचा हंगाम, तेव्हा रविवारीही दुकान बंद ठेवता यायचं नाही. मग देव थंडीत. मिठाईच्या दुकानामागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांमध्ये संताचं चित्र उभं करून ते प्रार्थना करायचे. पैसे जमले तसं देऊळ बांधलं, तेही हिवाळ्या-हिवाळ्याने, हंगाम संपला की. पुढे त्यांच्या बिशपची गादी इथे आली आणि साध्या देवळाचं कॅथीड्रल झालं. मोठ्या वादळात समुद्र आत शिरला. तिने भिंतीवरची कमरेएवढ्या उंचीची मळकट रेघ दाखवली. सगळं रंगवलं, ती रेघ मुद्दाम ठेवली. "आता मुलं लांब गेली," ती म्हणाली. "उन्हाळ्यात पाहुणे फोटो काढतात. थंडीत आम्ही चार म्हाताऱ्या."

बोलता बोलता तिने टेबलावरच्या मोठ्या परातीतून कागदी पेल्यात काहीतरी भरलं आणि माझ्या हातात दिलं. शिजवलेले गहू, वर पिठीसाखर, बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे. देवळात हातावर ठेवलं तो प्रसाद, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. मी पेला कपाळाला लावला आणि खाल्ले. पोटात आग पडली होती, खाताना लाजही वाटली नाही. दालचिनीचा वास, दाताखाली फुटणारा गहू. आमच्या गव्हाच्या खिरीची आठवण आली. तिने आणखी भरले, मी तेही संपवले. मग विचारलं, "आज कोणता सण?"

"सण नाही. आज मेलेल्यांचा शनिवार. हे गहू माझ्या नवऱ्याच्या, योर्गोसच्या नावाने केलेत."

मी रिकामा पेला खाली ठेवला. माझा उपास मोडला होता, आणि मोडला तो कशाने, तर परक्या माणसाच्या श्राद्धाच्या अन्नाने! आईने हे पाहिलं असतं तर मला अंगणातच उभं केलं असतं. माझा चेहरा पाहून इरिनी घाबरली. "काही चुकलं का?" मी तिला सगळं सांगितलं. करपलेली खीर, गुरुजींचा ताप, मुलाचं विमान, आणि आज सुनंदाचा दिवस असून तिच्या नावाने कुणीही जेवलं नाही हे. अनोळखी बाईसमोर मी इतका बोललो याचं मला अजून नवल वाटतं.

ती माझ्या शेजारी बसली. मग परातीकडे बोट दाखवून म्हणाली, "रात्रभर गहू भिजवले, पहाटे उठून शिजवले. नातू येणार होता, आला नाही. सकाळी प्रार्थनेला दोघी होतो, दुसरीला साखर चालत नाही. फादर नावं वाचून दुसऱ्या गावी गेले. ज्याच्या नावाने केलं ते कुणी खाल्लंच नाही तर काय उपयोग? मी संतांना म्हटलं, कुणीतरी भुकेलं पाठवा. आणि तुम्ही भिजून दारात उभे."

मी सकाळपासून पानावर कुणी बसत नाही म्हणून जगावर चिडलो होतो, आणि दुसरीकडे कुणीतरी पान वाढून माझी वाट पाहत होतं.

"बायकोचं नाव काय?" तिने विचारलं.

"सुनंदा."

"फादर फक्त आमच्या पंथातलीच नावं वाचतात. पण माझं तोंड माझं आहे." तिने वाळूच्या तबकात मेणबत्ती लावली, दुसरी माझ्या हातात दिली. मग आपल्या भाषेत काही पुटपुटली. मला त्यातले दोनच शब्द कळले, तिच्या नवऱ्याचं नाव, योर्गोस, आणि त्याला लागून, अडखळत, "सू-नान-दा." वर्षभरात कुणी हे नाव देवासमोर घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मी तिथेच, त्या बाकाला धरून, पोटभर रडलो. इरिनीने मला रडू दिलं.

त्याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. थंडी होती, दार उघडं होतं, मी भुकेला होतो, इतकंच. पण मी ठरवलेलं सगळं मोडलं आणि मी न ठरवलेलं सगळं जुळून आलं. कर्ता म्हणून मी घरून निघालो होतो, देवाने मला नुसतं जेवायला बसवलं. आपल्या हातून व्हायचं ते त्याच्या हातावर सोडून द्यावं, एवढंच मला उमगलं, तेही उशिरा. इरिनीचे उपकार मी विसरणार नाही. निघताना तिने उरलेले गहू डब्यात भरून दिले.

घरी येऊन पातेलं घासलं आणि देवघरातला दिवा लावला. त्याच्यासमोर डबा ठेवला. मुलाचा फोन आला. आवाज पडलेला होता. "बाबा, श्राद्ध राहिलंच ना?"

"नाही रे," मी म्हटलं. "झालं. आईच्या शेजारी एक योर्गोसकाकाही जेवले. पुढच्या वर्षी तू ये. गहू भिजवायला माणूस लागतो."