विड्यावरचा सुलतान

सत्यनारायणाच्या पूजेत झांझिबारच्या सुलतानाला विड्यावर बसवणारी नारायण पेठेतली मी पहिली सून. शेवटचीही असावी.

मी गोंदियाकडची. आठवीत शाळा सुटली (मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, यावर माहेरी अजून एकमत नाही) आणि लग्न होऊन येऊन पडले ती पदवीधरांच्या घरात. इथे माझ्याइतकं शिकलेलं फक्त मांजर. पण कुणी ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त धाकधूक. एखाद दिवशी माझ्या हातून काहीतरी मोठं चुकेल आणि ही माणसं अत्यंत सभ्यपणे माझं गोंदियाचं तिकीट काढून देतील, असं वाटत राहायचं.

एकदा सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, माझ्यापुढे कापडी पिशवी ठेवली. त्यांचे वारलेले थोरले भाऊ बोटीवर नोकरीला होते. त्यांनी जमवलेली देशोदेशीची नाणी तीत खुळखुळत होती.

"शालू, परदेशी वेगळी काढ. रविवारी नाणीवाले हमीदभाई बघायला येतायत. दादाचं पहिल्या सफरीतलं झांझिबारचं नाणं आहे म्हणे त्यात. मला ओळखू येत नाही, पण ते तेवढं विकलं जाता कामा नये."

"आणि आपली निघाली तर?"

"आपली काय, पडू देत घरात."

पदवीधर मुलं सोडून हे काम माझ्याकडे! मी जेवणसुद्धा विसरले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून चित्रांवरून वाटणी केली. राणी, परदेशी. खजुराचं झाड, परदेशी. तराजू? आमच्या आजीच्या कनवटीला कंपनी सरकारचा तराजूवाला पैसा असायचा. म्हणजे आपलं. आपली सगळी हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकली.

रविवारी सकाळी घरी सत्यनारायण. सासूबाई म्हणाल्या, "विड्यांवर ठेवायला सुट्टे आण गं." सुट्टे नव्हते. मी हिंगाची डबी उपडी केली. गुरुजींनी पोथी सांगितली, शिरा दोनदा घेतला, दक्षिणा थैलीत भरली आणि गेले.

पाठोपाठ हमीदभाई आले. बाबांचे जुने मित्र, रविवार पेठेत जुन्या नाण्यांचं दुकान. त्यांनी एकेक नाणं भिंगाखाली धरलं.

"झांझिबार नाही यात."

"कसं असतं ते?" मी चहा ठेवत विचारलं.

"तांब्याचं. वर तराजू."

"तराजू तर आपल्या पैशावर असतो."

"सूनबाई, तराजू दिसला की माल आपला? मग अख्खी मंडई तुमचीच म्हणायची. तराजू दोन्ही देशांच्या पैशावर असतो. मागची अक्षरं वाचायची असतात."

"ते... देवाला वाहिलं."

"मग देवाकडून घ्या."

"देवाकडून गुरुजींनी नेलं."

बाबा उठले. गुरुजी बहिणीकडे खडकवासल्याला निघालेत, स्वारगेटला बस धरणार, एवढं सासूबाईंना माहीत होतं. बाबांनी स्कूटर काढली, मी मागे. बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "पदर सांभाळ, चाकात जाईल." मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

गुरुजी रांगेत उभे होते. सगळं ऐकून घेतलं.

"दक्षिणा परत मागायला आलेले यजमान प्रथमच पाहतोय. शिराही परत हवाय का?"

त्यांनी थैली उघडली. आत साऱ्या पेठेची दक्षिणा! अमेरिकेची, दुबईची नाणी. "घरोघरची मुलं परदेशात," गुरुजी म्हणाले. "उरलेली चिल्लर देवापुढे येते. कंडक्टर घेत नाही, वाणी घेत नाही." आणि तळाशी घरोघरच्या पूजेतले जुने तराजूवाले पैसे मूठभर. सगळे सारखेच झिजलेले, कुंकवानं माखलेले. बाबांचा चष्मा घरी.

"बस लागली," गुरुजी म्हणाले.

तेव्हा मला उमगलं. मी एक पैसा उचलला आणि नाकाला लावला. कापूर. दुसरा, उदबत्ती. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, चक्कर येतेय का? कांदा देऊ?" तिसरा, हिंग!

हिंगाचे तेवढे सगळे निवडून काढले. बाबांनी गुरुजींच्या हातावर नोट ठेवली. गुरुजींनी उरलेली परदेशी चिल्लरही आमच्या पिशवीत ओतली. "ही पण न्या. म्हणजे पुन्हा यायला नको."

घरी हमीदभाईंनी एक पैसा रुमालानं पुसला, मागच्या अरबी अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत सुलतानाचं नाव वाचलं आणि हसले. "हा घ्या. झांझिबारचा सुलतान."

बाबांनी ते नाणं तळहातावर घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "शालू नसती तर हे मिळालं नसतं."

"शालू नसती तर गेलंही नसतं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात शिरा वाढला.

गोंदियाचं तिकीट राहिलं ते राहिलंच. आता पेठेतले लोक जुन्या नाण्यांच्या पिशव्या घेऊन थेट माझ्याकडे येतात, आणि बाबा अभिमानानं सांगतात, "आमच्या सूनबाई तज्ज्ञ आहेत. फक्त आज येऊ नका, तिला सर्दी झालीय."