चारातलं एक

सगुणाला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९८७च्या जूनमध्ये. ठाण्यात कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत मी शिकवत होते. कोलशेतच्या कोळीवाड्यातून ती आपल्या सहा वर्षांच्या मालूला घेऊन आली होती. फॉर्म भरताना मी विचारलं, "आणखी मुलं?"

"एक होती. जनी. तिलापन ऐकायला नाय यायचा. खाडीत बुडाली."

जनी नऊ वर्षांची होती. चार वर्षांची असल्यापासून पोहायची. आणि बुडाली ती छातीभर पाण्यात, आईच्या डोळ्यांसमोर. कोळ्याची पोर छातीभर पाण्यात बुडते कशी, हा प्रश्न सगळ्या वाड्याने सगुणालाच विचारला. नवरा दामाजी हा तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा, लहानपणापासून एकत्र वाढलेला. पण जनी गेल्यावर तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. जनीला आधी दोनदा फेफरं आलं होतं, तेव्हा कांदा हुंगवला, भगताकडे नेलं, सगळं झालं होतं. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं एवढंच, की आई काठावर कोलंबी निवडत बसली होती.

मालू हुशार निघाली. ओठांवरून शब्द ओळखायची, माझ्या खाणाखुणांची नक्कल करून अख्ख्या वर्गाला हसवायची. १९९०च्या डिसेंबरात लंगडी खेळताना ती मैदानात कोसळली. ओठ निळे पडले. मिनिटभरात उठून बसली आणि पुन्हा खेळायला निघाली. फिटच्या गोळ्या तिला आधीपासून चालू होत्या. पण मी फिट आलेली मुलं पाहिली होती, हे तसं नव्हतं. मी हट्टाने दोघींना मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे डॉक्टर हेमाबाईंनी मालूचा कार्डिओग्राम काढला आणि त्या कागदावर पट्टी ठेवून बराच वेळ मोजत राहिल्या.

"हिला फिट येत नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जास्त हिच्या हृदयाला लागतो. धावली, घाबरली की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. जन्मतः बहिऱ्या मुलांत अशी थोडी असतात. का होतं ते अजून नीट कळलेलं नाही." मग त्यांनी जनीबद्दल विचारलं. "पाण्यात हातपाय मारले होते तिने?"

"नाय. पवता पवता एकदम खाली गेली."

"मग ती बहुतेक बुडाली नाही. आधी हृदय थांबलं असणार."

सगुणा बाहेर येऊन बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. घरी जाऊन तिने दामाजीला सांगितलं. तो म्हणाला, "डाक्टर होता का तिथं बघायला?"

मालूला दिवसातून तीन वेळा गोळी सुरू झाली. पळायचं नाही, पोहायचं नाही. सगुणाने एकही गोळी चुकू दिली नाही. मासळीची पाटी घेऊन बाजारात निघालेली असली, तरी दुपारी वाट वाकडी करून शाळेत यायची, मालूच्या तोंडात गोळी घालायची आणि तिने गिळलेली बघूनच जायची.

पुढल्या वर्षी सगुणाला दिवस गेले. ती माझ्याकडे आली. "बाई, हापन तसाच झाला तर?"

मी शिकलेली. माझा शब्द तिला खरा वाटायचा. मी म्हटलं, "दोन्ही तशाच झाल्या ना? तिसरं वेगळं कशावरून होईल?"

हेमाबाईंना विचारता आलं असतं. मालूला दाखवायची पुढची तारीख महिन्यावर होती, तेवढंच. तेवढ्या दिवसांतच सगुणा कुणालाही न सांगता दवाखान्यात जाऊन गर्भ पाडून आली. मला म्हणाली, "बरा केला ना बाई मी?" मी मान डोलावली.

१९९४च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. मालू सातवीत पहिली आली होती. मी तिच्या हातात प्रगतिपुस्तक दिलं. खिडकीतून तिला फाटकाशी उभी असलेली आई दिसली. मी हात धरायच्या आत ती पळत सुटली. व्हरांडा ओलांडला, मैदानाच्या मधोमध पोचली. प्रगतिपुस्तक वर धरलेलं होतं. तशीच पडली. या वेळी उठली नाही. सकाळची गोळी तिने घेतली होती, हे सगुणा त्या दिवशी येईल त्याला सांगत होती.

तीन वर्षांनी शाळेच्या पत्त्यावर हेमाबाईंचं पत्र आलं. या आजाराचं मूळ परदेशात सापडलं आहे, आईवडिलांचं रक्त तपासायला मिळेल का? दामाजी आला नाही. सगुणाही नको म्हणत होती. "चल, निदान कारण तरी कळेल," म्हणत मीच तिला ओढून नेलं.

हेमाबाई सावकाश बोलल्या. "पेशीच्या पडद्याला अगदी बारीक दारं असतात. ठोका पडून गेला की त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी निवते, पुढच्या ठोक्याला तयार होते. मालूची ती दारं उघडतच नव्हती. कानाच्या आत एक पाणी असतं, त्यात पोटॅशियम याच दारांतून येतं. ते नसेल तर ऐकू येत नाही. म्हणून कान आणि काळीज, दोन्ही."

"कोनाकडून आला ह्या?"

"दोघांकडून. दाराचा एक साचा आईकडून येतो, एक बापाकडून. एक बिघडलेला असला तरी माणूस धडधाकट राहतो, तुम्ही दोघं आहात तसा. तुम्ही नात्यातले, दोघांनाही तो बहुधा एकाच आजाआजीकडून आला. दोन्ही बिघडलेले एकाच मुलात आले, की हे होतं."

"म्हंजे दर पोराला होनारच होता."

"नाही, नाही. दर खेपेला चारातलं एक. चारातली तीन मुलं चांगली निघतात."

सगुणाने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. हेमाबाईंना त्या तिसऱ्याचं काही माहीत नव्हतं, त्या सुई काढत होत्या. सगुणाने दंड पुढे केला आणि रक्त दिलं.

परतताना ठाण्यात खोपटच्या बस स्टँडवर उतरल्यावर मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, गर्दीत अनोळखी माणसाच्या हातातून सोडवावा तसा.

"तुमी मला ह्या ऐकायला नेला नसता तर चालला असता," ती म्हणाली आणि कोलशेतच्या बसकडे निघून गेली.

त्यानंतर ती शाळेकडे आली नाही. बाजारात तिची जागा मला ठाऊक होती. एकदा गेले. तिने मला दुरून पाहिलं, पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. शेजारची कोळीण म्हणाली, "आज नाय विकायचा तिला, जा तुमी."